बिरवाडीत घडलेली जहाजाची भिंत

महाडच्या त्या बैठकीला मी गेले ती आमच्या शेडच्या मालकांऐवजी, म्हणजे शेठऐवजी. एका कारखान्यात शटडाऊनचं, म्हणजे यंत्रं बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं, काम निघालं होतं आणि शेठ तिकडे अडकले होते. बोलावणं जिल्ह्याच्या कार्यालयातून आलेलं, त्यामुळे कोणीतरी जाऊन हजेरीवर सही करणं भाग होतं. "जा, बस, चहा पी, कागद दिले तर घेऊन ये," एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं.

बिरवाडीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी ड्रॉइंगचं काम करते. आयटीआयला मेकॅनिकल ड्राफ्ट्समन झाले तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरी लग्न होऊन पुण्याकडे गेली, मी इथेच राहिले. आमची शेड औद्योगिक वसाहतीतल्या केमिकलच्या कारखान्यांसाठी टाक्या, शिड्या, प्लॅटफॉर्म बनवायची. काम चांगलं चालायचं. मग एकेक कारखाना बाहेरून तयार माल आणू लागला. त्या वर्षी दिवाळीनंतर तर आमच्याकडे दुरुस्तीखेरीज काही उरलं नव्हतं. तीन वेल्डिंग मशिनांपैकी एक तर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेलं.

बैठकीच्या फलकावर लिहिलं होतं, 'जहाजबांधणी उद्योगाची पुनर्रचना आणि लघुउद्योगांचा सहभाग'. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. "समुद्र कुठं, आपण कुठं? सावित्रीतून जहाज नेणार काय?" आणखी दोघं-तिघं हसले. खरं सांगायचं तर मीही हसले.

बोलायला उठल्या त्या खाडीकाठच्या एका जहाज कारखान्यातल्या इंजिनीअर मॅडम. चाळिशीच्या असतील, पायात सेफ्टी शूज, जणू काम टाकून आल्यासारख्या. त्यांनी भाषण केलं नाही, गोष्ट सांगावी तसं सांगितलं. त्यांचा कारखाना पूर्वी सगळं स्वतःच्या आवारात बनवायचा, बिजागरीपासून डोलकाठीपर्यंत. मागणी असली की माणसं पुरायची नाहीत, नसली की हजार हात रिकामे. शेवटी तो बंद पडला. बरीच वर्षं तिथे नुसता गंज होता. आता तो पुन्हा सुरू झालाय, आणि देशभर या उद्योगाची घडी नव्याने बसवायचं चाललंय. मोठ्या कारखान्यांनी जोडणी करायची, तुकडे आसपासच्या लहान शेडनी बनवायचे. सुटं एकच जहाज नव्हे, एकाच नमुन्याच्या जहाजांची मालिका घ्यायची, म्हणजे लहान शेडलाही पुढच्या कामाची खात्री राहील.

"जहाज समुद्रावर तरंगतं," त्या म्हणाल्या, "पण बनायला ते समुद्रावरच लागतं असं नाही."

मग त्यांनी पडद्यावर एक मालवाहू जहाज दाखवलं आणि फणसाचे गरे सुटे करावेत तसं ते सुटं सुटं करत नेलं. कणा वेगळा, बाजू वेगळ्या, डेक वेगळं. शेवटी पोटातल्या आडव्या भिंती उरल्या. एका खणात पाणी शिरलं तरी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून घातलेल्या या भिंती. त्यातली एक त्यांनी लाल केली. सपाट पत्रा, आणि त्याला मागून ठराविक अंतरावर जोडलेले उभे अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्ट्या.

मी खुर्चीत पुढे सरकले. हे तर मला येत होतं! आमचा प्लॅटफॉर्म उभा केला की हेच. जाडी वेगळी, मापं काटेकोर, पण हात तोच. आजवर हजारदा काढलेल्या चित्रासारखं काहीतरी तिथे जहाजाच्या पोटात उभं होतं, आणि ते मला या आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

"अशा भिंतीचा नमुन्याचा एक पॅनेल करून बघायला कोण तयार आहे?" मॅडमनी विचारलं.

शेठला न विचारता मी हात वर केला.

*

शेठ मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका डोंगरवाडीतले. घरी अजून गुरं आहेत त्यांच्या. माणूस कष्टाचा, पण न पाहिलेल्या वाटेने जायचं नाही हा त्यांचा स्वभाव. मी ड्रॉइंग टेबलावर पसरलं तेव्हा ते बघत बसले आणि मग म्हणाले, "वेडबिड लागलं काय तुला? उद्या जहाज बुडलं तर लोक आपल्याला शोधत येतील."

"म्हणूनच तर तपासनीस येतो, शेठ. जहाज पास करणाऱ्या संस्थेचा माणूस येऊन प्रत्येक जोड बघणार. पास झाला तरच घेणार."

"आणि नापास झाला तर?"

"तर एक पत्रा वाया गेला असं समजू."

ते ताडपत्रीखालच्या मशिनकडे बघत राहिले. मग त्यांनी मोठ्या वेल्डरला हाक मारली. आमचे मोठे वेल्डर उत्तर प्रदेशातले, बिरवाडीत खोली घेऊन राहतात, पंधरा-एक वर्षं झाली त्यांना इथे. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हो जाएगा. टाकी गोल असते, हे तर सपाट हाय. आसान."

आम्हा तिघांनाही ते वाक्य लवकरच महागात पडणार होतं.

रविवारी मी गावी, कापड्याला गेले. आईबाबा तिथेच असतात. बाबा खळ्यावर भात झोडत होते. सत्तरी ओलांडली तरी पेंढी उचलून फळीवर आपटायची त्यांची लय मोडलेली नाही. मला ही बातमी सांगायची घाई झाली होती, कारण बाबा तरुणपणी मुंबईत जहाजाच्या कारखान्यात प्लेटर होते. प्लेटर म्हणजे जहाजाचा पत्रा कापून, वाकवून, जागेवर बसवणारा. माझ्या लहानपणी ते महिन्यातून एकदा घरी यायचे आणि त्यांच्या हाताला लोखंडाचा वास असायचा. मी सातवीत असताना कारखान्यात कमी करायच्या माणसांची यादी लागली, बाबांनी राजीखुशीने नोकरी सोडल्याच्या कागदावर सही केली आणि ते पत्र्याची ट्रंक घेऊन गावी आले. त्यानंतर जहाजाचा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी झोडणं थांबवलं नाही.

"काय म्हनालीस, काय करतायत?"

"पुनर्रचना."

पेंढी त्यांच्या हातातच राहिली. "म्हंजे मानसं कमी करनार ना?"

"नाही बाबा, उलट..."

"आमच्या येळेला पन ह्योच शब्द होता. नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावलेला. पुनर्रचना. मी दोनदा वाचला, मला वाटलं काय नवीन मशीन येतंय." ते पुन्हा झोडू लागले. "जहाज डोंगरात बनतं होय गो? जा, आईनं भाकऱ्या केल्यात, जेव जा."

आई दारातून ऐकत होती. तिने मला डोळ्यांनीच गप्प केलं. जेवताना म्हणाली, "तुला काय वाटतं, त्यांना ऐकायचं नाय? रात्रभर इचारतील मला, किती जाडीचा पत्रा म्हनाली ती."

*

पॅनेलचं काम सुरू झालं तेव्हा शेडमध्ये सणासारखं वातावरण होतं. मापं मी स्वतः पत्र्यावर खडूने आखली. दोन पत्रे जोडून मोठी भिंत, आणि तिच्या मागे सहा अँगल. मोठ्या वेल्डरनी एका टोकापासून सुरुवात केली आणि सरळ दुसऱ्या टोकापर्यंत सुंदर शिवण टाकत गेले. त्यांची वेल्डिंग बघत राहावी अशीच आहे, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. एक अँगल झाला की दुसरा. संध्याकाळी शेवटचा अँगल झाला, सगळ्यांनी चहा घेतला.

सकाळी आम्ही पॅनेल उभा केला.

पत्रा वाकला होता. थोडाथोडका नव्हे. अँगलच्या मधल्या प्रत्येक खणात पोट आलं होतं आणि एक कोपरा तर हातभर उचललेला. तळलेला पापड उभा करावा तसा दिसत होता तो. मी दोरी धरली, पट्टी लावली, मापं लिहिली. ड्रॉइंगवर जेवढी सूट होती त्याच्या कितीतरी पट.

"घन मारून बसवू," शेठ म्हणाले.

मोठ्या वेल्डरनी घन मारला. पोट इथलं गेलं आणि शेजारच्या खणात निघालं. त्यांनी घन खाली टाकला आणि बाहेर जाऊन बसले. तपासनीस यायला आठ दिवस होते.

मी मोबाईलवर फोटो काढले आणि बाबांना पाठवले. पाठवताना मला धाकधूक वाटत होती. जिथे जखम आहे तिथेच बोट लावतेय असं वाटत होतं. तासाभराने फोन आला. बाबा फोनवर कधीच "हॅलो" म्हणत नाहीत.

"एका टोकानं सुरुवात कोनी केली?"

"आमच्या मोठ्या वेल्डरनी."

"हात चांगला हाय त्याचा. पन टाकी आनि जहाज एक नाय. टाकी गोल, ती सोताला धरून राहते. सपाट पत्र्याला धरायला कोन नाय. तापला की पसरतो, थंड झाला की आकसतो, मंग जाईल कुठं? फुगतो. फेकू नका त्याला. घन नका मारू आनखी. मी बघतो."

"म्हणजे? बाबा?"

फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर पोचले तर बाबा दाराशी उभे. कापड्याहून पहिली एसटी धरून, पोलादपूरला गाडी बदलून, बिरवाडीपर्यंत रिक्षाने आलेले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला टोपी, आणि खांद्याला ती कापडी पिशवी, जी मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पिशवीत एक लोखंडी पट्टी होती, कडा झिजून चकाकणारी, आणि एक लहान हातोडा.

शेठ त्यांना बसायला खुर्ची देऊ लागले. बाबा सरळ पॅनेलकडे गेले. त्यांनी हाताच्या मुठीने पत्र्यावर टकटक केलं, कान लावला, दोन पावलं सरकले, पुन्हा टकटक. मोठे वेल्डर हाताची घडी घालून लांब उभे होते. आपल्या कामावर कोणी परका माणूस आवाज ऐकत फिरतोय हे त्यांना आवडलेलं नव्हतं, आणि त्यात काही चूकही नव्हती.

बाबा त्यांच्याजवळ गेले. "भाई, शिवन तुझी एक नंबर हाय. मी इतकी वर्सं गोदीत काढली, अशी कमी बघितली. आता मला तुझा हात पायजे. माझे डोळे हायत, पन हात कापतात. मी खडूनं सांगनार, तू आग लावनार. चालेल?"

मोठ्या वेल्डरनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "बोलिए चाचा."

आणि मग जे झालं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. फुगवट्याच्या बाहेरच्या बाजूला बाबांनी खडूने रेघा आखल्या. सगळीकडे नाही, अगदी मोजक्या. त्या रेघांवरून गॅसच्या नळीने ज्योत हळूहळू सरकवायची, पत्रा गडद लाल होईपर्यंत. ज्योतीमागून दुसऱ्या कोणीतरी ओलं फडकं फिरवायचं.

"थांब. लाल मावळू दे. आता पानी. आता!"

फस्स करून वाफ निघाली. मी पट्टी लावली. पोट कमी झालं होतं! घन लागला नव्हता, कोणी ढकललं नव्हतं. जिथे पत्रा ताणला गेला होता तिथे तो थंड होताना स्वतःहून आत ओढला गेला होता.

"अरे!" शेठच्या तोंडून निघालं.

"जास्त तापवू नको, जळेल. आता ही. मंग ती सोडून पलीकडली." बाबा खडू घेऊन पुढे पुढे, मोठे वेल्डर नळी घेऊन मागे. मी दोरी धरून माप सांगत होते आणि माझा आवाज प्रत्येक मापागणिक चढत होता. शेजारच्या शेडमधले दोघे येऊन बघत उभे राहिले. दुपारपर्यंत चार खण बसले. जेवायची कोणाला आठवण नाही. शेवटी मीच बळेबळे डबे उघडले. मोठे वेल्डर आणि बाबा एकाच फळीवर बसून जेवले आणि जेवताना लोखंडाबद्दल अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत वाद घालत होते.

तिसऱ्या दिवशी उचललेला कोपराही खाली आला. पॅनेल सरळ झाला होता. तरीही बाबा समाधानी नव्हते. "हा शिकवनीचा. तपासनिसाला दुसरा दाखवायचा. दुरुस्त केलेला नाय, पहिल्यापासून बरोबर केलेला."

"चार दिवस राहिलेत, बाबा."

"मंग बोलत का बसलात?"

शेठ उठले आणि त्यांनी तिसऱ्या मशिनवरची ताडपत्री ओढून काढली.

दुसऱ्या पॅनेलला दोन वेल्डर समोरासमोर बसले. सुरुवात मधून, बाहेरच्या दिशेने, आणि तीही सलग नाही. थोडं इथे, मग उडी मारून थोडं पलीकडे, लोखंडाला दम खाऊ देत. त्या उड्यांचा क्रम मी कागदावर आकडे टाकून काढला आणि पत्र्यावर तेच आकडे खडूने लिहिले. बाबा माझा कागद बघून म्हणाले, "आमच्या डोक्यात होतं ते. कागदावर कोनी काढलंच नाय." त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरून ठेवला होता. पॅनेल थंड झाला, आम्ही उभा केला. मी पट्टी लावली आणि पट्टीखाली उजेड दिसेना.

*

तपासनीस साहेब आले तेव्हा त्यांच्याबरोबर इंजिनीअर मॅडमही होत्या. साहेब हळू बोलणारे, हसणं नाही, रागावणंही नाही. त्यांनी दोरी धरली, पट्टी लावली, गेजने प्रत्येक शिवणीची जाडी बघितली. मग म्हणाले, "दोन पत्र्यांचा जोड गळतो का, ते बघू."

ही परीक्षा आम्हाला टाक्यांमुळे माहीत होती. जोडाच्या एका बाजूला खडूची पांढरी पेस्ट लावून वाळवायची आणि दुसऱ्या बाजूने रॉकेल लावायचं. सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी रॉकेल त्यातून येतं आणि पांढऱ्यावर काळपट डाग उमटतो. आम्ही सगळे पांढऱ्या पट्ट्याकडे बघत उभे राहिलो. वेळ जाता जाईना. बाबा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

खालच्या टोकाजवळ एक ठिपका उमटला. तिळाएवढा.

साहेबांनी ठिपक्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, "एवढं काढून पुन्हा करा. मी थांबतो."

'नापास' म्हणाले नव्हते! मोठ्या वेल्डरनी ग्राइंडर घेतला, रॉकेल नीट पुसलं, तेवढा भाग खरवडून काढला आणि नव्याने भरला. पुन्हा खडू. पुन्हा रॉकेल. मॅडमनी घड्याळ लावलं. पांढरं पांढरंच राहिलं. वेळ झाली, साहेबांनी आणखी थोडं थांबून पाहिलं, तरी पांढरंच. मग त्यांनी बॅगेतून लोखंडी शिक्का काढला आणि हातोडीने पॅनेलच्या कोपऱ्यात ठोकला.

त्या ठोक्याबरोबर शेडमध्ये जो आरडाओरडा झाला तो पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. शेठनी मोठ्या वेल्डरना मिठी मारली. मी तर नाचलेच, सेफ्टी हेल्मेट डोक्यावर असताना. साहेब निघताना बाबांपाशी थांबले.

"हा क्रम कोणी लावला?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बाबांकडे. साहेब पहिल्यांदाच हसले.

महिनाभरात आम्हाला काम मिळालं. एका जहाजाच्या सगळ्या आडभिंती, आणि ते जमलं तर त्याच नमुन्याच्या पुढच्या जहाजांच्याही. शेठनी बाबांना आठवड्यातून दोन दिवस शिकवायला यायला सांगितलं. बाबांनी अट घातली. मला वाटलं काय मागतात कोण जाणे.

"हिनं पूर्न जहाजाचं मोठं चित्र काढून भिंतीवर लावायचं. जो पॅनेल होईल तो त्यात रंगवायचा. इथं काम करनाऱ्या प्रत्येकाला कळलं पायजे, आपला पत्रा कुठं बसतोय. पत्र्याशी नातं नसलं की मानूस घाई करतो."

ते चित्र मी तीन रविवार खपून काढलं. नवीन वेल्डर घ्यायची वेळ आली तेव्हा महाडच्या आयटीआयमधून चौघं आली, त्यात दोन मुली होत्या. त्यातल्या एकीने पहिल्याच दिवशी चित्रासमोर उभं राहून विचारलं, "ताई, मी केलेला इथं येणार? इथं, पाण्याखाली?" मी हो म्हटलं. तिने हातमोजे चढवले आणि कामाला लागली.

*

पहिले पॅनेल ट्रकवर चढले तेव्हा बाबाही ड्रायव्हरशेजारी चढून बसले. नको म्हटलं तरी ऐकेनात. मी आणि शेठ मागून शेठच्या गाडीने. माणगाववरून म्हसळ्याकडे वळलो आणि वळणावळणाच्या रस्त्याने खाडीकडे उतरू लागलो. प्रत्येक वळणावर मला पुढच्या ट्रकमधली आमची भिंत दिसायची, साखळ्यांनी बांधलेली, आणि मनात यायचं, या डोंगरातल्या रस्त्यावरून चाललेलं ते जहाज आहे, आणि कोणाला माहीतही नाही.

कारखान्याच्या फाटकापाशी बाबा खाली उतरले आणि तिथेच थांबले. आतून ग्राइंडरचा, घनाचा, क्रेनच्या भोंग्याचा आवाज येत होता. मी जवळ गेले.

"काय झालं?"

"काय नाय." ते फाटकाकडे बघत होते. "मी मागच्या येळेला अशा फाटकातून भायेर पडलो ना, तेव्हा पाठी वळून बघितलं नाय. लाज वाटली होती गो. मानसाला काम येतंय आनि त्याला घरी बस म्हनतात, म्हंजे त्याच्यातच काय कमी असेल, असं वाटायचं. तुझ्या आईला पन नाय सांगितलं हे."

मी त्यांची पिशवी घेतली. आम्ही आत गेलो.

आत जहाज उभं होतं, म्हणजे अर्धं जहाज. कण्यावर बाजूंच्या फासळ्या चढलेल्या. क्रेनने आमची पहिली भिंत उचलली, ती हवेत थोडी फिरली आणि हळूहळू फासळ्यांच्या मधे उतरली. मॅडमनी खालून हात करून थांबवलं, पुढे, थोडं मागे, बस. भिंत जागेवर बसली. बाबा लगेच वाकून खालच्या फटीत बघायला गेले. तिथल्या फोरमनने त्यांना हटकलं. बाबांनी फटीकडे बोट दाखवून त्याला काहीतरी सांगितलं, फोरमन वाकला, पट्टी घातली, आणि मग दोघंही गुडघ्यावर बसून एकमेकांशी बोलायला लागले. बोलणं अर्धा तास चाललं. शेठ मला म्हणाले, "तुझे बाबा आता इथंच राहतात की काय?" आणि स्वतःच मोठमोठ्याने हसायला लागले. जहाज बुडलं तर लोक शोधत येतील अशी भीती असलेले शेठ आता त्याच जहाजाला हात लावून आले होते.

परतीच्या वाटेवर माणगावला आम्ही मिसळ खाल्ली. बाबांनी दोन पाव जास्त मागितले. फोरमन त्यांना म्हणाला होता की इथे या फटी बघायला जुनी माणसं उरलेली नाहीत, सगळी पांगली. बाबा म्हणाले, "पांगली म्हंजे मेली नायत. कोन संगमेश्वरला असेल, कोन गुहागरला. शोधा म्हनावं." फोरमनने खरंच मॅडमना सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत त्या कारखान्याने बाबांच्या वयाचे पाच-सहा जण शोधून काढले, शिकवायला. त्यातले दोघं बाबांबरोबर मुंबईत एकाच गोदीत काम केलेले निघाले. फोनवर त्यांचं काय बोलणं चालायचं ते आईला विचारा. "म्हातारा रोज हसतोय," ती सांगायची.

पुढच्या हिवाळ्यात जहाज पाण्यात उतरवायचं ठरलं. उधाणाची भरती दुपारच्या आधी येणार होती. शेठनी एक मिनीबस ठरवली आणि शेड बंद ठेवून आम्ही सगळे निघालो. आईही आली, नवी साडी नेसून. मोठे वेल्डर बायको-मुलांना घेऊन आले, ती खास गावाहून आलेली. ते मुलांना सांगत होते की जहाजात बाहेरून दिसत नाही ती भिंत असते, खरी ताकद तिचीच.

काठावर गर्दी होती. पाणी चढत होतं. शेवटचे आधार काढले गेले आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग ते एवढं मोठं जहाज, आमच्या बिरवाडीच्या भिंती पोटात घेऊन, सरकलं. आधी अगदी सावकाश, हललं की नाही अशी शंका यावी इतकं. मग घसरत गेलं आणि पाण्यात शिरलं. दोन्ही बाजूंनी पाणी उसळलं. जहाज डुललं, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि स्थिर झालं. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मला आठवत नाही. आयटीआयच्या त्या दोन मुली एकमेकींचे हात धरून रडत होत्या.

बाबा ओरडले नाहीत. ते डोळ्यांवर हात धरून जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला रंगवलेल्या आकड्यांकडे बघत होते, पाणी कुठवर आलंय ते.

"सरळ बसलंय," ते म्हणाले. आईकडे वळून पुन्हा म्हणाले, "बघितलंस? सरळ बसलंय!"

त्या संध्याकाळी मॅडमनी मला एका बाजूला नेऊन पुढचं ड्रॉइंग दाखवलं. दुसऱ्या जहाजासाठी पुढच्या टोकाचे वाकडे पत्रे. सपाट नाहीत, दोन्ही दिशांनी वळलेले. "जमेल का बघा," त्या म्हणाल्या. मी मिनीबसमध्ये बसल्या बसल्या ते बाबांच्या मांडीवर पसरलं. दिवा लावून द्या म्हणून त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, चष्मा काढून पुसला, आणि बोटाने ती वळणं गिरवू लागले.

"ह्याला लाकडाचा साचा लागंल," ते म्हणाले. "सुतार कोन हाय रे आपल्यात?"

मागून कोणीतरी सांगितलं, महाडजवळच्या सव गावात एक चांगला सुतार आहे, होड्या दुरुस्त करायचा. शेठनी लगेच फोन काढला.